दुसरं दहन

प्रवरासंगमच्या वेदपाठशाळेत डॉ. मयूरी साबळे आल्या, त्या दिवशी दुपारचा पाठ लवकर आटोपला होता. एकतीस विद्यार्थी सभामंडपात सतरंजीवर बसले होते. सगळ्यात धाकटा अठरा वर्षांचा, थोरला चोविशीतला. प्रत्येकाच्या हातात चार पानांची प्रश्नावली होती. धर्मशिक्षण घेणाऱ्या तरुणांना अवयवदानाबद्दल आणि मेंदूमृत्यूबद्दल काय वाटतं, याचा अभ्यास विद्यापीठातर्फे साबळे करत होत्या. आधी त्या एका मदरशात आणि ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या एका विद्यालयात जाऊन आल्या होत्या.

सातव्या प्रश्नावर सगळ्यांचं घोडं अडलं. मेंदू कायमचा बंद पडला आहे पण हृदय चालू आहे, अशा माणसाला तुम्ही मृत मानता का? सव्वीस जणांनी ‘नाही’वर खूण केली. साबळेंना त्याचं नवल वाटलं नाही. मदरशातली मुलंही याच प्रश्नापाशी थांबली होती, असं त्यांनी सांगितलं, आणि मग फळा मागून घेतला.

मेंदूच्या बुडाशी अंगठ्याएवढा भाग असतो, त्या म्हणाल्या. श्वास घे, हा हुकूम तिथून सुटतो. तो भाग मेला की माणूस स्वतःहून एकही श्वास घेऊ शकत नाही, आज नाही आणि कधीच नाही. यंत्राने हवा आत ढकलली तर हृदय काही दिवस चालतं, कारण ठोक्याची लय हृदयात स्वतःचीच असते, त्याला मेंदूची गरज नसते. पाठीच्या कण्यातली दोरीही काही काळ जागी राहते, त्यामुळे क्वचित हातपाय हलतात. नातेवाईक ते पाहून आशेला लागतात. पण ज्याला आपण माणूस म्हणतो तो तिथे उरलेला नसतो.

पाठशाळा चालवणारे उमाकांतगुरुजी मागच्या खांबाला टेकून ऐकत होते. बोलायला उठला तो शौनक धामोरकर. तेवीस वर्षांचा, घनपाठ, म्हणजे वेदपठणाची शेवटची पायरी, जवळजवळ पुरा झालेला, पाठशाळेतला सगळ्यात हुशार. प्राण गेला की देहाचं काय होतं हे आपण रोज शिकतो, तो म्हणाला, आणि प्राण कुठे असतो हे मात्र आपण कुणीच पाहिलेलं नाही. ते ज्यांनी तपासलं त्यांचं ऐकायला काय हरकत आहे? मग त्याने एक वाक्य टाकलं, ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. “जे जळूनच जाणार आहे ते कुणाच्या कामी आलं, म्हणून अग्नी काही उपाशी राहत नाही.”

साबळेंनी ते वहीत लिहून घेतलं. जाताना त्यांनी अवयवदानाचे अर्ज ठेवले. तीन दिवसांत अठरा जणांनी सह्या केल्या.

सही न केलेल्यांत वैजनाथ पुराणिक होता. परळीचा, गोरा, स्थूल, आवाज असा की पहाटेच्या पाठाला त्याच्यामुळे बाकीच्यांचे सूर जागेवर येत. शौनक आणि तो नऊ वर्षं एका खोलीत राहिले होते. संध्याकाळी गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, घाटावर शौनकने त्याला कारण विचारलं.

“मला सगळं पटतं रे,” वैजनाथ म्हणाला. “पण किळस येते. माझं आतलं कुणीतरी चिवडतंय असं डोळ्यांपुढे येतं. मेल्यावर कळणार नाही हे ठाऊक आहे, तरी येते.”

किळस या शब्दाने शौनक चिडला, आणि त्याला कारण होतं. तो पंधरा वर्षांचा असताना, सुट्टीत घरी गेला होता तेव्हा, स्वयंपाकघराची भिंत दुरुस्त करायला एक गवंडी आला होता. त्याने तहान लागली म्हणून माठातलं पाणी घेतलं. माठ फेकून ये, असं शौनकला सांगण्यात आलं, आणि त्याने तो फेकला. फेकताना त्याला खरोखर किळस आली होती, पोटातून, आणि वळून पाहिलं तर गवंडी हातात थापी घेऊन त्याच्याकडे बघत होता. त्या दिवसापासून शौनकने आपल्या किळशीचं ऐकणं सोडून दिलं होतं.

त्याने वैजनाथला ही गोष्ट सांगितली. “किळस म्हणजे विचार नव्हे, वैजू. ती आपल्याला लहानपणापासून घोटून पाजलेली आहे. तिच्यावर चालायचं तर माणसं अजून माठच फेकत बसतील.”

वैजनाथने दुसऱ्या दिवशी सही केली. अर्जात एक ओळ होती: ‘माझ्या देहाचा, तो उपयुक्त असेपर्यंत, रुग्णांच्या हितासाठी उपयोग करावा.’ शौनकने ती वाचली होती. त्याला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं.

आठ महिन्यांनी, आश्विनातल्या एका सकाळी, पूजेची भांडी घासायला वैजनाथ घाटाच्या खालच्या पायरीवर उतरला. पायरीवर शेवाळ होतं. तो मागे पडला आणि डोक्याची मागची बाजू वरच्या पायरीच्या कडेवर आपटली. शहरातल्या रुग्णालयात चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तपासण्या सुरू केल्या. डोळ्यांवर उजेड टाकला, कानात गार पाणी सोडलं, शेवटी श्वासाचं यंत्र बाजूला करून दहा मिनिटं छातीकडे पाहत उभे राहिले. सहा तासांनी तेच सगळं पुन्हा केलं. शौनक काचेबाहेरून दोन्ही वेळा पाहत होता. छाती हलली नाही.

वैजनाथचे वडील कधीच वारले होते. आई अर्चनाकाकू परळीच्या शाळेत गणित शिकवायच्या. डॉक्टरांनी मुलाची सही पुढे केली तेव्हा त्यांनी शौनकला एकच विचारलं, की त्याने हे आपल्या मनाने केलं होतं का. शौनक हो म्हणाला. काकूंनी संमती दिली.

वर्षभरापूर्वीच राज्यात ‘धारक’ नावाचं यंत्र आलं होतं. मेंदूमृत्यूनंतर शरीर फार दिवस टिकत नाही, कारण रक्तदाब, तापमान, पाणी, साखर यांचा हिशेब ठेवणाऱ्या ग्रंथीही मेंदूबरोबर मरतात. चारसहा दिवसांत सगळं ढासळतं. धारक हा हिशेब स्वतः ठेवायचा. दर आठ सेकंदांना रक्त तपासायचा, लागेल ते संप्रेरक लागेल तेवढं थेंबाने सोडायचा, दिवसा शरीर थोडं गरम ठेवायचा, रात्री थोडं गार. सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय हलवायचा. मेंदू नसलेलं शरीर तो वर्षानुवर्षं ताजं ठेवू शकत होता. आणि असं शरीर हाताशी असलं की अवयव घाईघाईने काढायची गरज नव्हती. यकृताचा तुकडा कापला की तो महिन्या-दोन महिन्यांत भरून येतो, त्वचा सोलली की नवी येते, रक्तद्रव दर आठवड्याला घेता येतो. दुसऱ्या रुग्णाच्या पेशी आणून या शरीरात रुजवल्या तर त्या रुग्णाला चालेल असा नवा अवयवही तिथे वाढवता येतो.

वैजनाथला शहराबाहेरच्या देहधारण केंद्रात नेलं. मृत्यूचा दाखला त्याच दिवशी मिळाला. देह मात्र ‘उपयोग पूर्ण झाल्यावर’ मिळणार होता. काकूंना वाटलं, एक-दोन दिवस. त्या पाठशाळेत थांबल्या. दहा दिवस झाले तरी केंद्राचं उत्तर एकच होतं, अजून नाही. शेवटी गुरुजींनी पालाशविधी करायचं ठरवलं. ज्याचं प्रेत सापडत नाही त्याच्यासाठी पळसाच्या तीनशेसाठ पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. काकूंना जवळचं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून शौनकने तो दिला. पानं भुरुभुरु जळाली. काकू ते बघून म्हणाल्या, इतक्या लवकर माणूस जळतो का?

दिवस, तेरावा, सगळं झालं. काकू परळीला गेल्या आणि दर आठवड्याला केंद्राला पत्र लिहू लागल्या. अकराव्या महिन्यात भेटीची परवानगी आली. त्यांनी शौनकला सोबत घेतलं.

केंद्र एखाद्या चांगल्या हॉटेलासारखं होतं. संचालक डॉ. इंद्रनील वाघोलीकर दारापर्यंत सामोरे आले, काकूंना वाकून नमस्कार केला, तुम्ही एका महादात्याच्या आई आहात असं म्हणाले. आत लांबलचक दालनात चाळीस पलंग होते. प्रत्येकावर एक देह, प्रत्येकाच्या पायाशी ताजं फूल. दालनाच्या भिंतीवर मोठ्या सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: ‘जे जळूनच जाणार आहे ते कुणाच्या कामी आलं, म्हणून अग्नी काही उपाशी राहत नाही.’ खाली नाव होतं. शौनक धामोरकर, वेदाध्यायी.

शौनकने ते दोनदा वाचलं. साबळेंच्या अहवालातून घेतलंय, वाघोलीकर अभिमानाने म्हणाले. धार्मिक घरांतल्या लोकांवर याचा फार चांगला परिणाम होतो.

वैजनाथ सव्विसाव्या पलंगावर होता. शौनकला वाटलं होतं की तो खंगलेला असेल. उलट त्याच्या अंगावर तुकतुकी आली होती. गाल भरले होते, ओठांना काहीतरी चोपडून ते ओले ठेवले होते, नखं गोल कापलेली होती. डोकं गुळगुळीत, शेंडीही काढलेली. चादरीखाली पाय सायकल मारल्यासारखे मंद मंद फिरत होते आणि यंत्राची बारीक घरघर येत होती. सेवकाने कूस बदलायला चादर काढली तेव्हा मांड्यांवर आणि पाठीवर पाटीवरच्या चौकटींसारखे गुलाबी चौकोन दिसले, काही जुने, काही ओले. पोटाच्या कातडीखाली वितीएवढी एक नळी उठून दिसत होती, गिळलेल्या सापासारखी. ती कुणाचीतरी श्वासनलिका आहे, वाघोलीकरांनी समजावलं, लातूरच्या एका बाईंसाठी वाढते आहे.

“फार गुणी आहे हा,” सेवक म्हणाला. “यकृत दोनदा कापलं, दोन्ही वेळा झकास भरून आलं.” दुभत्या म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तशी त्याने वैजनाथच्या खांद्यावर थाप मारली. मन वाईट नव्हतं त्याचं. रोज त्याच्या अंगाखांद्याला तेल लावणारा तोच होता.

शौनक कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेला आणि ओकला. पोट रिकामं झाल्यावरही उमळे येतच राहिले. त्याला किळस त्या नळीची येत होती, त्या तुकतुकीची येत होती, पायाशी ठेवलेल्या फुलाची येत होती, आणि सगळ्यात जास्त भिंतीवरच्या आपल्या नावाची. वाघोलीकरांनी त्याला लिंबूपाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, “या एका देहामुळे आतापर्यंत सत्तावन्न माणसं उभी आहेत. यादी दाखवतो. त्यांतला कोण मेला असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं, ते सांगा.”

शौनकने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. यादी खरी होती.

तो पलंगापाशी परतला. आता आलोच आहोत तर काहीतरी म्हण, असं काकू म्हणाल्या. तो शुक्ल यजुर्वेदातला रोजचा पाठ हळू आवाजात म्हणू लागला. त्यांच्या शाखेत स्वर हाताने दाखवतात. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली. तो म्हणत असताना सेवक उशी बदलायला वैजनाथची मान उचलत होता. आणि वैजनाथचा उजवा हात कोपरापासून वर आला, क्षणभर छातीसमोर थांबला आणि पडला.

काकूंनी पलंगाची कड धरली. “तो स्वर दाखवतोय,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शौनक एकटाच पुन्हा गेला. साबळेंनी फळ्यावर सांगितलेलं त्याला आठवत होतं. त्याने आधी अर्धा तास पाठ म्हटला, कुणालाही हात लावू न देता. काहीच हललं नाही. मग तो गप्प बसला आणि सेवकाला मान उचलायला सांगितलं. हात वर आला. पुन्हा उचलायला सांगितलं. पुन्हा आला, तितकाच वर, तितकाच वेळ. दाराची कडी ओढल्यावर घंटा वाजावी, तसा. वैजनाथ त्या पलंगावर नव्हता. त्याचं जे काही होतं ते अकरा महिन्यांपूर्वी घाटाच्या पायरीवरच संपलं होतं, आणि इथे त्याच्या घराची लूट चालू होती.

त्याने काकूंना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण मानलं नाही. तोवर त्यांनी एका पत्रकाराला सगळं सांगून टाकलं होतं. चार दिवसांत ‘वैजनाथ जिवंत आहे’ असे फलक लागले. पाठशाळेतल्या सह्या केलेल्या बाकी सगळ्यांनी आपले अर्ज फाडले आणि फाडतानाची छायाचित्रं सगळीकडे पाठवली. ज्यांना वैजनाथच्या घोरण्याचा त्रास व्हायचा ते आता त्याचं नाव घेऊन गहिवरत होते. साबळेंचा शौनकला फोन आला. धारकाबद्दल आपल्यालाही नंतरच कळलं, भिंतीवरचं वाक्य काढा म्हणून आपण दोनदा लिहिलं, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, एका आठवड्यात चार घरांनी दान नाकारलं. साधं दान, मूत्रपिंडाचं, दुसऱ्या दिवशी देह परत मिळणारं. त्यातल्या एका मूत्रपिंडाची वाट बघणारा माणूस काल गेला.

देह परत मागणाऱ्या काकूंच्या अर्जावर सुनावणी ठरली. तीन जणांची समिती होती, अध्यक्षपदी एक निवृत्त न्यायाधीश. कायद्याचा मुद्दा सरळ होता. वैजनाथ मृत असेल तर त्याची संमती पक्की आणि देह ‘उपयुक्त असेपर्यंत’ केंद्राकडे. तो जिवंत असल्याचा थोडा जरी संशय असेल तर सगळं थांबणार आणि देह आईच्या ताब्यात येणार. हात हलताना पाहणारा, काकू आणि केंद्राचा सेवक यांच्याखेरीज, साक्षीदार एकच होता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी गुरुजींनी शौनकला बोलावलं. त्यांच्यासमोर ताम्हणात फुलं होती आणि ते देठ खुडत होते. केंद्रात चाललं आहे ते राक्षसी आहे, ते म्हणाले, आणि शौनकने मान हलवली, कारण त्यालाही तसंच वाटत होतं. मग ते म्हणाले, “तुला खोटं बोलायला मी सांगणार नाही. हात हलला, एवढंच सांग. कशाने हलला ते सांगायचं कारण नाही.”

शौनक त्यांच्याकडे पाहत राहिला. एक स्वर चुकला म्हणून याच माणसाने त्याला एकच अनुवाक दीडशे वेळा म्हणायला लावला होता. अर्धं वाक्य गाळलं तर मंत्र उलटतो, असं शिकवलं होतं. सकाळपासून शौनकने काही खाल्लं नव्हतं, तरी तेच केंद्रातलं मळमळणं पुन्हा वर आलं. “गुरुजी, तो मेलाय,” तो म्हणाला.

“मला काय ठाऊक नाही?” गुरुजी म्हणाले. देठ खुडणं त्यांनी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या मागच्या रांगा पाठशाळेच्या मुलांनी भरल्या होत्या. केंद्राचे वकील पुढे होते, वाघोलीकर त्यांच्या शेजारी. काकू एकट्या बसल्या होत्या. अध्यक्षांनी शौनकला काय पाहिलं ते विचारलं.

शौनकने सगळं सांगितलं. पहिल्या दिवशीचा हात, दुसऱ्या दिवशी आपण केलेली तपासणी, पाठ म्हणताना काही न होणं, मान उचलली की होणं, दोन्ही वेळा. हे कण्यातल्या दोरीचं काम आहे, तो म्हणाला, वैजनाथचं नाही. तो मागच्या वर्षी मेला. त्याच्या छातीकडे दोनदा दहा दहा मिनिटं मी स्वतः बघत होतो.

मागे कुणीतरी बाक सरकवला. काकूंनी डोळे मिटले. वकिलांनी समाधानाने कागद गोळा करायला घेतले. अध्यक्षांनी आणखी काही सांगायचं आहे का असं विचारलं, ते रीत म्हणून.

“आहे,” शौनक म्हणाला. “जिवंत माणूस दवाखान्यात ठेवता येतो, बरा होईल म्हणून. मेलेला ठेवता येत नाही. तो मेलाय म्हणूनच आमचा आहे. त्याने एक मूत्रपिंड दिलं, यकृत दिलं, ते दान होतं. दान हातातून सुटतं आणि संपतं. तुम्ही जे चालवलंय ते संपतच नाही. अंगणात बांधून ठेवलंय त्याला. सही करायच्या आधी तो मला म्हणाला होता की किळस येते. मी त्याला सांगितलं, किळस म्हणजे विचार नव्हे. माझं चुकलं. त्याला मेलेल्याची किळस नव्हती आणि देण्याचीही नव्हती. माणसाची वस्तू होण्याची होती. ती त्याला सही करायच्या आधी कळली, मला तो मेल्यावर अकरा महिन्यांनी, बेसिनवर वाकल्यावर कळली.”

तो खाली बसला. कुणी टाळी वाजवली नाही.

निकाल महिन्याने आला. वैजनाथ मृतच आहे, त्याची संमतीही खरी आहे, असं समितीने म्हटलं. पण ‘उपयुक्त असेपर्यंत’ या शब्दांचा अर्थ कायमचा ताबा असा होत नाही. मृताच्या घरच्यांनी मागितल्यावर नवा कोणताही उपयोग सुरू करता येणार नाही. सुरू असलेला एक उपयोग मात्र पूर्ण होऊ द्यावा की नाही, हे आईने ठरवावं. श्वासनलिका तयार व्हायला अजून सव्वीस दिवस हवे होते.

काकू शौनकशी सुनावणीपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. निकालानंतर त्यांनी फोन केला आणि त्या लातूरच्या बाई किती वर्षांच्या आहेत, असं विचारलं. एकोणतीस, शौनकने सांगितलं. काकूंनी तो आकडा स्वतःशी पुटपुटला. मग म्हणाल्या, “मला ते आठवलं तरी ओकारी येते. होऊ दे पूर्ण.”

सव्विसाव्या दिवसानंतर देह आला. केंद्राने त्याला झेंडूचा हार घातला होता आणि छापील आभारपत्र सोबत दिलं होतं. शौनकने हार काढला, पत्र न वाचता चुरगळलं. पाठशाळेने दहनाला नकार दिला होता. एका माणसाला दोनदा अग्नी कोणत्या सूत्रात सांगितलाय, असं गुरुजींनी विचारलं होतं, आणि शौनकने आता पाठशाळेत राहू नये असंही निरोपात होतं. त्यामुळे देह घाटाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरवला. शौनक आणि काकूंनी मिळून त्याला आंघोळ घातली. शौनकला वाटलं होतं की आपल्याला हात लावता येणार नाही. अंगाला केंद्रातल्या गोडसर तेलाचा वास होता आणि तो साबणाने जात नव्हता. पोटावर टाके होते. पाठ पालथी करताना काकूंनी ते चौकोन पाहिले, मोजल्यासारखं एकेकावर बोट फिरवलं. मान उचलताना शौनकचं लक्ष नकळत उजव्या हाताकडे गेलं. हात पडून होता. पहिल्यांदाच तो देह खरोखर गार लागला, आणि त्या गार लागण्याने शौनकला रडू आलं.

शौनकखेरीज दहनाला पाच माणसं होती. काकू, त्यांचा परळीचा एक चुलतदीर, साबळे, आणि पाठशाळेतले दोघे जण, जे लांब पिंपळाखाली उभे राहिले आणि जवळ आले नाहीत. मंत्र म्हणायचे की नाही यावर शौनकने रात्रभर विचार केला होता. शेवटी त्याने म्हटले, पूर्ण, एकही स्वर न गाळता, हात वर-खाली करत. चिता या वेळी भुरुभुरु जळाली नाही. दुपार कलली तरी ती धगधगत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू आणि शौनक अस्थी गोळा करायला आले. दूध-पाणी शिंपून त्यांनी राख विझवली आणि एकेक हाड वेचून मडक्यात ठेवू लागले. छातीच्या जागी काकूंच्या बोटांना काहीतरी कठीण लागलं. त्यांनी ते उचलून पदराने पुसलं. रुपयाएवढी धातूची चकती होती, मधोमध भोक असलेली, आगीने निळसर झालेली. कडेला बारीक अक्षरांत केंद्राचं नाव कोरलेलं होतं आणि पुढे आकडा, सव्वीस.

रक्त घ्यायची नळी इथे जोडलेली असायची, शौनकने सांगितलं. ती केंद्राला परत पाठवायची का, असं त्याने विचारलं. काकूंनी नाही म्हणून मान हलवली. मग मडक्यात टाकायची का, असं विचारायला त्याने तोंड उघडलं, तोच त्या म्हणाल्या, “गंगेत नको ही. गंगेने काय केलंय?”

त्या उठल्या. घाटाच्या वरच्या अंगाला ग्रामपंचायतीची कचऱ्याची गाडी उभी होती, कालच्या पत्रावळी आणि कुजलेल्या फुलांनी भरलेली. काकू पायऱ्या चढून तिथवर गेल्या, दोन बोटांच्या चिमटीत धरलेली चकती त्यांनी त्यात सोडली, आणि खाली येऊन वाळूने घासून घासून हात धुतले. मग शौनकच्या शेजारी पुन्हा उकिडव्या बसल्या आणि राहिलेली हाडं वेचू लागल्या.